मंजूषानं लख्ख घासलेलं भांडं

पुण्याहून फोनवर कुणी "हल्ली काय करतेस गं?" असं विचारलं की मंजूषा "उत्खननावर असते" असं सांगायची. यात खोटं काही नव्हतं. ग्रोनिंगन शहरापासून बसनं पाऊण तासावर एक उत्खनन खरोखरच चालू होतं, आणि सोमवार ते गुरुवार ती तिथे खरोखरच असायची. फक्त खड्ड्यात नसायची. खड्ड्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये, डावीकडच्या सिंकपाशी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून ती उभी असायची आणि खालून वर आलेली भांडी धुवायची. एवढा तपशील फोनवर सांगायचा राहूनच जायचा.

वय शेहेचाळीस. शिक्षण पुरातत्त्वशास्त्रात एम.ए., तेही पुण्यातून, तेवीस वर्षांपूर्वी. उत्खननाचा प्रत्यक्ष अनुभव म्हणाल तर तीन आठवड्यांचं एक शिबिर. त्यातही दुसऱ्याच दिवशी, बाकीच्यांनी चार दिवस खपून उघडी केलेली विटांची भिंत पायरी समजून बाईसाहेब तिच्यावरून खाली उतरल्या होत्या. तेव्हापासून शिबिर संपेपर्यंत तिच्याकडे चहाचं खातं होतं. मग प्रसन्नचं स्थळ आलं. मुलगा आयटीतला, नेदरलँड्सला निघालेला. लग्न ठरताना मंजूषानं फुशारकीनं सांगितलं होतं की परदेशात भांडी घासायला मी येणार नाही. प्रसन्ननं ते इतकं मनावर घेतलं की हूफडॉर्पच्या भाड्याच्या घरात पलंग यायच्या आधी डिशवॉशर आला.

त्या घरात नवऱ्याच्या व्हिसावर बारा वर्षं गेली. जुई झाली, मोठी झाली. "पुढच्या महिन्यापासून मी काहीतरी सुरू करते" हे वाक्य मंजूषा दर महिन्याला न चुकता म्हणायची. मग प्रसन्नची नोकरी उत्तरेला ग्रोनिंगनला हलली आणि तिथे थंडीला कंटाळून ती डच भाषेच्या वर्गाला जाऊ लागली, कारण वर्गात हीटर चांगला होता. परीक्षा पास झाली. गावातल्या छोट्या संग्रहालयात फुकट काम करू लागली. आणि एक दिवस उत्खननाची कामं घेणाऱ्या एका छोट्या कंपनीनं तिला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं. काम काय, तर भांडी धुणं. घरची मशीन धुते आणि बाहेरची मी धुते, असं ती स्वतःच हसत सांगायची. पण पहिल्या दिवशी कंपनीचं नाव छापलेलं जॅकेट अंगावर चढवलं तेव्हा शेडमागे जाऊन ती दोन मिनिटं रडली होती. आयुष्यातली पहिली नोकरी होती ती.

खणत होते ती एक खाणवस्तीच होती म्हणा ना. दोनशे वर्षांपूर्वी तिथे नुसती दलदल होती, आणि दलदलीत पीट. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात कुजत पडलेला पाला. तो विटांसारखा कापायचा, वाळवायचा आणि शहरातल्या लोकांच्या चुलीत घालायचा. कोळशाच्या खाणीत माणूस जमिनीखाली जातो, इथे माणसं जमीनच कापून विकत होती. त्यासाठी कुठून कुठून आलेली कुटुंबं कालव्याच्या काठानं गवताच्या ढेपांच्या झोपड्या बांधून राहिली आणि पीट संपलं तशी पुढे सरकली. आता तिथे नवी घरं होणार होती, म्हणून खेमेंटेनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, आधी खणून बघायला सांगितलं होतं. सव्वीस झोपड्यांची रांग निघाली.

कालवा कुणी काढला, पिटावर कुणाचा हक्क होता, हे सगळं कागदावर होतं. पीट कापणारी माणसं कशी जगत होती हे मात्र त्यांच्या कचऱ्यालाच विचारावं लागत होतं. कचरा बोलका होता. मातीच्या चिलमी निघाल्या, तर त्यांच्या दांड्यांवर दातांनी पडलेले खड्डे. पोरांच्या लाकडी चपला निघाल्या, फुटलेल्या, पत्र्याची पट्टी ठोकून पुन्हा वापरलेल्या. जिनच्या बाटल्या तर विचारूच नका. आणि जवळजवळ प्रत्येक झोपडीतून निळ्या फुलाफुलांच्या नाजूक कपबश्यांचे तुकडे. आत धड उभं राहता येत नाही, जमीन ओली, आणि कपबशी फुलाफुलांची! उत्खननाची प्रमुख हिल्ये, पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी बाई. तिला त्या कपांचं फार आश्चर्य वाटायचं. मंजूषाला जराही वाटलं नाही. हूफडॉर्पला जमिनीवर गादी टाकून झोपायच्या दिवसांत तिनं बारा जणांचा डिनर सेट आणून ठेवला होता, आणि ओळखीचं तेव्हा कुत्रंदेखील नव्हतं.

शेडमध्ये एक नियम देवासारखा पाळायचा होता. भांड्याच्या आत काळं काही चिकटलेलं दिसलं तर त्याला पाणी लावायचं नाही. ते तसंच खोक्यात ठेवायचं, कारण तो करपलेल्या अन्नाचा थर असतो. विद्यापीठातल्या टिनेकेबाई, साठी उलटलेल्या, त्या थराची तपासणी करून माणसं काय शिजवत होती ते सांगायच्या. कागदोपत्री ही माणसं बटाटे आणि कुट्टूची लापशी खात. खरं काय खात ते त्या काळ्या थरालाच ठाऊक. पण सबंध मोसमात तसा थर असलेल्या दोन नखाएवढ्या खापऱ्या तेवढ्या मिळाल्या होत्या. एक अख्खं करपलेलं भांडं मिळू दे, मी निवृत्त व्हायला मोकळी, असं टिनेकेबाई दर भेटीत म्हणायच्या. हा नियम अधूनमधून येणाऱ्या हौशी स्वयंसेवकांना समजावून सांगायचं काम कुणाकडे होतं? मंजूषाकडे. तिनं त्याचा रंगीत तक्ता करून, प्लास्टिकमध्ये घालून, सिंकच्या वर स्वतःच्या हातानं लावला होता.

तर त्या मंगळवारी असं झालं की सकाळी अकराला कॉलेजच्या ग्रुपवर जयंतीचा फोटो आला. जयंती हिची वर्गमैत्रीण. शिबिरात भिंत उघडी करणाऱ्यांपैकी ती एक. आता प्राध्यापक, विदर्भात कुठेतरी स्वतःचं उत्खनन चालवत होती. फोटोत ती मोठी टोपी घालून खड्ड्याच्या काठावर बसली होती आणि भोवती विद्यार्थ्यांचं कोंडाळं. आदल्या आठवड्यात मंजूषानंही एक फोटो टाकला होता. त्यासाठी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याचं हेल्मेट मागून घेऊन ती मुद्दाम खड्ड्यात उतरली होती. आता जयंतीला उत्तर देणं भाग होतं, आणि असं, की अभिनंदनही झालं पाहिजे आणि जरा तोराही दिसला पाहिजे. फोन फळीवर, हात पाण्यात, आणि डोक्यात मजकूर. "वा जयंती! इकडेही आमच्या टीमचा सीझन फारच…" फारच काय? एक्सायटिंग? की समृद्ध?

इकडे हात आपलं काम करत होते. बावीस नंबरच्या झोपडीतून आलेलं लाल मातीचं, तीन पायांचं, वरणाच्या पातेल्याएवढं भांडं. काठोकाठ चिखलानं भरलेलं, त्यामुळे आत काय आहे हे खणणाऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. हातांनी चिखल चाळणीत उपडा केला. भांड्यात कोमट पाणी भरून ते भिजत ठेवलं. मधल्या वेळात दोन ताटल्या उरकल्या. मग अंगठ्यानं तळ खरवडून पाहिला आणि कडेला ठेवलेली हिरवी घासणी उचलली. वास्तविक शेडमध्ये मऊ ब्रशशिवाय काही ठेवायची परवानगीच नव्हती. ही घासणी तिनंच सुपरमार्केटमधून कॉफीच्या मगांसाठी आणली होती. डिशवॉशर असला तरी करपलेली पातेली घरात हिच्याच वाट्याला येत, त्यामुळे हातांना सवय. तळहाताचा जोर देऊन गोल, गोल, गोल. "समृद्ध" हा शब्द पक्का झाला आणि त्याच क्षणाला शेवटचा काळा पापुद्रा निघून आला. खाली मधाच्या रंगाची झिलई चकचकीत दिसू लागली. निघालं बाई एकदाचं, असं म्हणून मंजूषानं समाधानानं मान वर केली. समोर तिचाच तक्ता होता.

पहिली अक्कल सुचली ती अशी की ती धावत शेडबाहेर गेली. सिंकचं पाणी जिथे साठतं त्या टाकीत काठी घालून ती ढवळू लागली. टाकीत पाच महिन्यांचा काळा चिखल होता आणि ती त्यात काळा थर शोधत होती. पंधरा मिनिटांनी थंडीनं बोटं बधिर झाल्यावर तिला स्वतःचीच कीव आली आणि ती आत आली. उजव्या सिंकवरचा माणूस आठवडाभर आजारी होता. शेडमध्ये दुसरं कुणीच नव्हतं, कुणी काही पाहिलं नव्हतं. आणि करार महिनाअखेरीला संपत होता. वाढवायचा की नाही ते हिल्ये ठरवणार होती.

संध्याकाळी जेवताना तिनं घरात सांगितलं. प्रसन्ननं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपल्या धंद्यातलं ज्ञान दिलं, की ज्याची नोंद नाही ते झालेलंच नाही. थर होता हे कुणाला माहीतच नाही, तर तो गेला हे सांगून मिळणार काय? पंधरा वर्षांची जुई ताटातून मान वर न करता डचमध्ये म्हणाली, की सांगून टाक, फार तर काढून टाकतील, त्यात काय. मंजूषाला दोघांचाही सारखाच राग आला. नवऱ्याच्या बोलण्याचा आला कारण ते तिला पटत होतं, आणि मुलीच्या बोलण्याचा आला कारण तिला अजून कुणी कुठून काढलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर ती घाबरली होती. त्या थंडगार शेडवर, त्या ओल्या बुटांवर तिचा जीव जडला होता. शेहेचाळिसाव्या वर्षी मिळालेली नोकरी एका घासणीपायी गेली असती, तर पुन्हा "पुढच्या महिन्यापासून काहीतरी सुरू करते" म्हणायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

बुधवारी ती गप्प राहिली. कठीण वाटलं होतं, पण गप्प राहणं अगदी सोपं निघालं. हिल्येनं ते भांडं उचलून उजेडात धरलं, मोसमातलं सगळ्यात सुंदर भांडं म्हणाली, स्थानिक वर्तमानपत्रासाठी फोटो काढला. एवढं स्वच्छ कसं केलंस म्हणून कौतुकही केलं. मंजूषानं त्यावर चक्क आभार मानले. बसमध्ये बसल्यावर आपल्याच तोंडात द्यावीशी वाटली तिला.

गुरुवारी टिनेकेबाई आल्या. त्या तक्त्यासमोरच्या टेबलाशी बसल्या, दोन खापऱ्या पेटीत घातल्या आणि बावीस नंबरचं भांडं हातात घेऊन आत डोकावल्या. काहीच नाही म्हणताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा पडला. मग त्यांनी वही काढली आणि लिहिता लिहिता हिल्येला सांगितलं, की हेही महत्त्वाचंच आहे. आपण समजतो या झोपड्या म्हणजे नुसती घाण आणि बुरशी, पण बावीस नंबरची बाई बघ, भांडी कशी लख्ख घासून ठेवत होती. इतर झोपड्यांपेक्षा वेगळं घर दिसतंय, अहवालात तसं म्हणता येईल.

हे मात्र मंजूषाला सहन होईना. आपली चूक लपवणं एक, पण दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला आपल्या घासणीनं गुणी ठरवायचं? ती बिचारी भांडं करपवून तसंच टाकून गेली होती. घाईत असेल, आजारी असेल, नाहीतर वैतागली असेल. तिचं ते करपवणंही हिनं पुसून टाकलं होतं, आणि आता वर शाबासकी चिकटवणार! तिकडे सगळे एकमेकांना एकेरीच हाक मारतात, पण टिनेकेबाईंना "तू" म्हणायला मंजूषाची जीभ कधी रेटली नव्हती. तेव्हाही रेटली नाही.

"तिनं नाही घासलं ते," मंजूषा म्हणाली. "मी घासलं. आत जाड काळा थर होता. मंगळवारी मी तो घासणीनं काढला आणि आत्तापर्यंत तुमच्यापासून लपवलं."

हिल्ये नुसती तक्त्याकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं मंजूषाला वाटलं. टिनेकेबाईंनी वहीचं नवं पान उघडलं. थर किती जाड होता, तळाशी होता की कडेला, वास कसा होता, असे एकेक प्रश्न त्यांनी विचारले आणि मंजूषानं एकेकाचं उत्तर दिलं. मग पेटीतून भिंग काढून त्या पुन्हा भांड्यावर वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत.

त्यांनी मंजूषाला बोलावलं. झिलईवर ओरखडे होते. बारीक, पांढुरके, गोल गोल फिरलेले, ते मंजूषाचे. घासणीची सही म्हणा. पण त्यांच्या खाली दुसरे होते, खोल, पिटाचं पाणी पिऊन काळे झालेले. म्हणजे जुने. ते गोल नव्हते. एकाच बाजूला, तळ आणि कड जिथे मिळतात तिथे, शेकडो रेषा वरच्या दिशेनं ओढलेल्या. थर होता तसा राहिला असता तर त्याखाली हे कुणाला दिसलंच नसतं. ढवळून असे ओरखडे पडत नाहीत, हे कशाचे, असं टिनेकेबाई स्वतःशीच पुटपुटत होत्या.

मंजूषाला बघताक्षणी कळलं. तिनं कॉफीचा चमचा घेतला, कॉफीचं दूध तापवायचं रिकामं पातेलं डाव्या हातात धरून स्वतःकडे तिरकं केलं आणि उजव्या हातानं खालून वर, खालून वर खरवडून दाखवलं. सगळ्यांचं जेवण झालं की तळाशी चिकटलेलं असतं ते असं काढतात, तिनं सांगितलं. आमच्याकडे त्याला खरवड म्हणतात. ती ताटात वाढत नाहीत. चुलीपाशी उभ्याउभ्या, भांड्यातूनच खातात. टिनेकेबाईंनी तिला ते तीनदा करायला लावलं, चमच्याचा कोन पाहिला, पातेल्यावरचे नवे ओरखडे आणि भांड्यातले जुने शेजारी शेजारी ठेवून फोटो काढले. लापशी होती की आणखी काही, हे आता कधीच कळणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते नुकसान ते नुकसानच. पण भांड्याच्या तळाशी कुणीतरी वर्षानुवर्षं चमचा घेऊन उभं होतं, एवढं दिसतंय.

हिल्येनं तोवर भांड्याचं कार्ड भरायला घेतलं होतं. आतला थर धुताना नष्ट, असं लिहून तिनं धुणारीच्या नावाच्या रकान्यात मंजूषाचं पूर्ण नाव घातलं. ते तसंच अहवालात छापून येईल, असंही बजावलं. तेवीस वर्षं पुरातत्त्वाच्या पुस्तकात नाव यावं म्हणून झुरणाऱ्या बाईचं नाव येणार होतं ते असं. मग हिल्येनं करार वाढवला, पण तीनच महिने, आणि यापुढे प्रत्येक भांडं पाण्यात जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी बघायचं या अटीवर. घासणी तिनं स्वतः उचलून कचऱ्यात टाकली. मंजूषा हायसं वाटून खुर्चीत बसली.

टिनेकेबाई अजून लिहीतच होत्या. कोण खात असेल, असं त्यांनी विचारलं. घरातली बाई, मंजूषा म्हणाली. पुरावा? पुरावा काही नाही, पण आमच्या घरी मीच खाते. मग पेन थांबवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. आवडते म्हणून खातात की पोट भरलेलं नसतं म्हणून, हे ओरखड्यावरून ओळखता येत नाही, त्या म्हणाल्या. तू का खातेस?

हे उत्तर मंजूषाला पाठच होतं. तिच्या घरात ही ठरून गेलेली गोष्ट होती, की आईला खरवड फार आवडते. प्रसन्न पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा. जुई तर स्वतःचं पान संपवून उठताना पातेलं आईपुढे सरकवायची. "आवडते म्हणून," मंजूषा म्हणाली आणि टिनेकेबाईंनी ते लिहून घेतलं.

लहानपणी आवडायची, दुधाच्या पातेल्याची, त्यात साखर घालून. पण भाताची, वरणाची, रोजची? आधी वाढून झालं की दोघांना आणखी थोडं लागायचं, आणि भात तर मोजून टाकलेला. मग पातेल्यात जे राही त्याचं नाव आवड. हे कधी सुरू झालं ते तिला आठवेना. टिनेकेबाईंचं पेन पुढच्या रकान्यात गेलं होतं.

"थांबा," मंजूषा म्हणाली. "ते खोडा. लिहा, उरतं म्हणून."

टिनेकेबाईंनी काही न विचारता आधीच्या शब्दावर रेघ मारली आणि सांगितलं तसं लिहिलं. मंजूषाला एकदम रडू आलं. हातात कोपरापर्यंत चिखलाचे हातमोजे, डोळे पुसायची सोय नव्हती, म्हणून ती नाक ओढत तशीच खुर्चीत बसून राहिली.